डायल, फट आणि मानेवरचा भोवरा : नव्या ॲडजस्टेबल सेफ्टी रेझरच्या नोंदी

४ जानेवारी

रेझर हातात आला. कंपनीचं नाव या नोंदींत घेणार नाही. मला यंत्रणा तपासायची आहे आणि ती या जातीच्या बहुतेक रेझरांना लागू पडते. जात कुठली ते मात्र सांगायला हवं: मुठीच्या तळाशी फिरवायची डायल, तिच्यावर १ ते ५ आकडे, आणि पात्यावरची, वर उचलून काढायची टोपी. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या मर्कूर कंपनीचा प्रोग्रेस हा रेझर ज्यांनी वापरलाय त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच येईल.

घ्यायचं कारण मान. गालावर माझी दाढी सरळ खाली वाढते, हनुवटीवर दाट आणि ताठ आहे, आणि डाव्या जबड्याखाली चक्क भोवरा आहे. ठरलेल्या फटीचा, म्हणजे पातं आणि त्याखालचा बार यांच्यातलं अंतर बदलता न येणारा, सौम्य रेझर मानेला मानवतो, पण हनुवटीवर तोच पुन्हा पुन्हा फिरवत बसावं लागतं. हनुवटी एकदाच फिरवून साफ करणारा रेझर मानेवर लाल पुरळ उठवून जातो. दोन रेझर शेजारी ठेवून दाढी करता येते, इतके दिवस मी तेच करत होतो. एकाच रेझरात हे भागतं का, एवढाच या कामाचा प्रश्न आहे.

वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भरीव. तोल डोक्याकडे झुकलेला. बोटावर आडवा ठेवला तर मुठीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात स्थिरावतो. मला हे आवडलं, कारण डोकं जड असलं की हाताला जोर लावावा लागत नाही. मुठीवरचं नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या खाचा, खोल आणि धारदार आहे. कोरड्या हाताला जरा टोचतं, ओल्या हाताला ते बरंच वाटेल असा अंदाज आहे.

टोपी काढून आतली रचना पाहिली. टोपीच्या पोटातून एक लांब दांडी मुठीत उतरते, तिच्या टोकाला आटे आहेत. डायल म्हणजे त्या आट्यांवर फिरणारा नट. मुठीच्या आत स्प्रिंग आहे, ती पात्याखालची छोटी बैठक सतत वर ढकलते. डायल सैल केली की टोपी वर सरकते आणि बैठक पात्याला टोपीशी दाबून धरत तिच्यामागोमाग वर जाते. सेफ्टी बार, म्हणजे पात्याखाली कातडीला टेकणारी पट्टी, असलेला भाग मुठीला पक्का बसवलेला असल्यामुळे जागचा हलत नाही. परिणामी पातं आणि बार यांच्यातली फट वाढते. डायल घट्ट केली की उलट. एवढंच. पण यात एक गोष्ट महत्त्वाची आहे: पातं कुठल्याही आकड्यावर दोन्हीकडून दाबलेलंच राहतं, सैल पडत नाही.

टोपीच्या एका कडेला बारीक खूण आहे, तशीच खालच्या भागावरही. टोपी बसवताना दोन्ही खुणा एका बाजूला यायला हव्यात. उलटी बसवली तरी ती बसते, पण आटे अर्धा फेरा पुढेमागे पकडतात आणि डायलवरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. हा रेझर कुणी नव्यानं घेतला तर मी सगळ्यात आधी हेच दाखवीन.

५ जानेवारी

आज फक्त मोजमाप. दाढी नाही.

वापरलेलं एक ब्लेड बसवलं, फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या पानांचं माप) काढलं आणि प्रत्येक आकड्यावर दोन्ही बाजूंची फट तपासली. रीत अशी: गेजचं पान बारच्या बाजूनं हळूच सरकवायचं, जोर न लावता. जे पान अलगद जातं आणि त्याच्या पुढचं घासतं, त्यांच्या मध्ये कुठेतरी खरी फट. धार जपायची असेल तर नवं ब्लेड या कामाला वापरू नये, पोलादावर पोलाद घासतं.

१ वर साधारण ०.४० मिमी. ५ वर १ मिमीच्या किंचित आत. मधले आकडे जवळजवळ सारख्या अंतरानं चढतात, दर आकड्याला सुमारे ०.१५ मिमी. हा आकडा दुसऱ्या बाजूनंही पडताळता आला. पिच गेज लावलं तर आट्यांचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिमी निघाला. १ पासून ५ पर्यंत डायल साधारण पाऊण फेरा फिरते, म्हणजे टोपी ०.६ मिमी वर जाते. चार टप्प्यांत वाटलं तर ०.१५. अगदी तंतोतंत जुळायचं कारण नाही, कारण टोपी सरळ उभी उचलली जाते आणि फट मात्र आपण तिरकी मोजतो. तरी गणित आणि गेज एकमेकांच्या इतके जवळ आले याचा आनंद झाला. डायलवरचे आकडे नुसते शोभेचे नाहीत.

या मापांचा अंदाज यावा म्हणून: दुधारी ब्लेड साधारण ०.१ मिमी जाड असतं आणि दाढीचा केसही जवळपास तेवढाच, ताठ केस त्याहून थोडा जाड. म्हणजे एक आकडा पुढे गेलो की फट साधारण एका केसाच्या जाडीनं वाढते. ऐकायला हे काहीच नाही. कातडीला मात्र ते कळतं.

एक त्रास दिसला. एका बाजूची फट दुसरीपेक्षा पाव दशांश-अर्धा दशांश मिमी जास्त येत होती. रेझर उलटा धरून पाहिलं तर पात्याची धार एका बाजूला टोपीखालून किंचित जास्त डोकावत होती. ब्लेडमधली भोकं आणि टोपीवरच्या खुंट्या यांच्यात थोडा खेळ असतो, त्यामुळे ब्लेड आडवं सरकतं. उपाय साधा आहे: डायल पूर्ण घट्ट करण्याआधी ब्लेडची दोन आखूड टोकं, जी टोपीच्या बाहेर येतात, चिमटीत धरायची, दोन्ही धारा समांतर दिसेपर्यंत हलकेच सरकवायची आणि तशीच धरून डायल आवळायची. मग फरक गेजला पकडता येईना. हा खेळ बहुतेक सगळ्या रेझरांत कमीजास्त असतो. ठरलेल्या फटीच्या रेझरवरही ब्लेड असंच बसवावं.

५ जानेवारी, रात्री

फट ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे पातं किती बाहेर आहे, ज्याला सगळे एक्स्पोजर म्हणतात.

टोपीची कड आणि बारची कड यांना जोडणारी एक सरळ रेघ मनात आखा. दाढी करताना कातडी त्या रेघेवर येते. धार त्या रेघेच्या आत राहिली तर पातं कातडीला जेमतेम स्पर्श करतं, रेघेबाहेर आली तर सरळ भिडतं. हे डोळ्यांनी पाहायला एक सोपी युक्ती केली: जाड सपाट काच घेतली, रेझरचं डोकं तिच्यावर असं टेकवलं की टोपीची कड आणि बार दोन्ही काचेला लागतील, आणि मागून टॉर्चचा उजेड सोडला.

१ वर धार आणि काच यांच्यामध्ये उजेडाची केसाएवढी रेघ दिसते. २ वर ती रेघ बारीक होते. ३ वर दिसेनाशी होते, धार काचेला टेकलेली. ४ आणि ५ वर टोपी आणि बार दोन्ही एकदम टेकतच नाहीत. मध्ये धार येते आणि रेझर तिच्यावर डुलतो.

हे पाहिल्यावर बऱ्याच गोष्टी उलगडल्या. टोपी आणि पातं एकत्र वर जातात, बार मागे राहते, त्यामुळे ती मनातली रेघ जास्त उभी होते. म्हणजे आकडा वाढवला की तीन गोष्टी एकदम बदलतात: फट रुंदावते, धार पुढे येते आणि पात्याचा कातडीशी होणारा कोनही वाढतो. वरच्या आकड्यावर हात आधीसारखाच ठेवला तर पातं खरवडू लागतं. तिथे टोपीवर भर देऊन, मूठ गालापासून थोडी दूर करून चालवावी लागणार. दोन वेगळ्या रेझरांची फट सारखी असूनही एक मऊ आणि एक कडक का वाटतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. आणि एका कंपनीचा ३ दुसऱ्या कंपनीच्या ३ शी ताडून पाहण्यात काही हशील नाही, हेही.

७ जानेवारी

पहिली दाढी. अटी ठरवून घेतल्या आणि त्या शेवटपर्यंत पाळायच्या: ब्लेड एकाच जातीचं, साबण एकच, ब्रश एकच, आणि चेहरा कोमट पाण्यानं किमान दोन मिनिटं ओला. शेवटची अट बहुतेक जण गाळतात. केस पाणी पितो तसा फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर कमी होतो, पण त्याला थोडा वेळ लागतो. चेहऱ्यावर नुसतं पाणी मारून लगेच पातं लावलं तर रेझर कुठलाही असो, ओढतोच.

आकडा १. सगळा चेहरा याच आकड्यावर, सरळ हात (केसांच्या दिशेनं) आणि मग आडवा हात.

गालावर सुरेख. पातं आहे की नाही कळत नाही इतकं हलकं. वरच्या ओठावरही छान, डोकं तिथे नाकाखाली मावतं. हनुवटीवर अडलं. फेस निघतो, खुंट राहतात. पुन्हा फेस लावून पुन्हा फिरवावं लागलं, तिथेच, आणि पुन्हा. मानेवर भोवऱ्याशी तोच प्रकार. शिवाय अरुंद फटीत फेस अडकतो. दर दोन-तीन हातांनंतर रेझर धुवावा लागला.

ओल्या चेहऱ्यावरून तुरटीचा खडा फिरवला. तुरटी ही या कामातली माझी खरी मोजपट्टी. जिथे कातडी सोलली गेली असेल तिथे ती झोंबते, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी. गाल शांत. हनुवटी आणि मान, दोन्हीकडे चांगलीच आग.

हे मी ठळक करून ठेवतो. १ हा या रेझरचा सगळ्यात सौम्य आकडा. पात्याचा एकेक हात खरोखर सौम्य होता. पण केस कापला न गेल्यामुळे त्याच जागी हात पुन्हा फिरले, दर फेरीला फेस पातळ होत गेला आणि नकळत मनगटाचा जोर वाढला. आग झाली ती त्याची.

८ जानेवारी

दाढी नाही. केस कुठल्या दिशेनं वाढतात त्याचा नकाशा काढला. दिवसभराची वाढ असताना कापसाचा बोळा चेहऱ्यावरून हळू फिरवायचा. ज्या दिशेनं तो अडकतो ती उलटी, ज्या दिशेनं घसरतो ती सरळ. कागदावर चेहऱ्याची बाह्यरेषा काढून बाण काढले.

उजवी मान: खालून वर आणि थोडी कानाकडे. डावी मान: कॉलरजवळ खालून वर, जबड्याखाली भोवरा, भोवऱ्याच्या मागे जवळजवळ आडवी. म्हणजे आपण ज्याला सरळ हात समजून वरून खाली ओढतो तो मानेवर बऱ्याच ठिकाणी उलटा हातच असतो. ज्याला मानेवर पुरळ येतं त्यानं रेझर बदलण्याआधी एकदा हा कागद करून पाहावा. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही रेझरला चालतं.

१० जानेवारी

आकडा ३, सगळीकडे. नकाशा आरशाला चिकटवलेला.

आवाज बदलला. १ वर दाढी जवळपास मुकी होती, ३ वर केस कापल्याची बारीक, कोरडी खरखर ऐकू येते, विशेषतः हनुवटीवर. हा आवाज फार कामाचा आहे. खरखर चालू असेल तर तिथे अजून केस आहेत, ती थांबली की त्या जागेचं काम झालं. मग कितीही मोह झाला तरी हात पुढे न्यायचा. पंखा आणि नळ बंद ठेवून दाढी करण्याचं मी आता सुचवीन.

हनुवटी सरळ आणि आडव्या, दोनच फेऱ्यांत साफ. मानेवर नकाशाप्रमाणे खालून वर, एकच फेरी, आणि दुसरी फक्त भोवऱ्यापाशी. तुरटीनं मानेवर किंचित चुणचुण, परवाच्या आगीच्या मानानं काहीच नाही. आकडा मोठा असूनही. यात नकाशाचा वाटा किती आणि आकड्याचा किती, ते वेगळं काढायला हवं. म्हणून पुढच्या वेळी नकाशा तसाच ठेवून पुन्हा १.

१२ जानेवारी

नकाशासह १. मान पहिल्यापेक्षा बरी, पण ३ वर होती तितकी शांत नाही. भोवऱ्यावर पुन्हा पुन्हा जावं लागलंच. म्हणजे दिशेचा वाटा मोठा, पण फेऱ्यांचाही वाटा आहेच.

१३ जानेवारी

यंत्रणेचा थोडा इतिहास, कारण फट बदलता येणं ही नवी कल्पना नाही आणि जुन्या लोकांनी ती कशी सोडवली ते पाहून आपल्या रेझरच्या मर्यादा कळतात.

किंग कॅम्प जिलेटला सेफ्टी रेझरचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळालं, विक्री त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. टोपी, पात्याखालची प्लेट आणि मूठ अशा तीन भागांच्या त्या रेझरमध्ये टोपी पात्याला वाकवून दाबते आणि मूठ आटे आवळते. मूठ जराशी उलटी फिरवली की पातं थोडं सरळ होऊन धार वर येते, फट वाढते. म्हणजे पहिला सेफ्टी रेझर एका अर्थी ॲडजस्टेबलच होता, फक्त आकडे नव्हते आणि सैल केल्यावर सगळं डोकंच ढिलं पडायचं. तेव्हाची पाती आजच्यापेक्षा जाड होती, सुमारे ०.१५ मिमी, म्हणून ते काही प्रमाणात निभावत असे. आजच्या ०.१ मिमीच्या ब्लेडवर साध्या तीन भागांच्या रेझरची मूठ सैल करून दाढी करू नये, पातं थरथरतं.

आकड्यांची डायल खऱ्या अर्थानं घरोघरी नेली ती जिलेटच्या १९५० च्या दशकाअखेरच्या मॉडेलनं, ज्याला आज सगळे फॅटबॉय म्हणतात. डोक्याखाली फिरणारी कडी, १ ते ९ आकडे, तळाचा नॉब फिरवला की वरची दोन दारं उघडतात. त्यानंतर १९६० च्या दशकात त्याचाच सडपातळ भाऊ, स्लिम, आला. अनेकांकडचे ते रेझर अजून चालतात. ती रचना नाजूक आणि सुंदर आहे, पण भाग पुष्कळ. माझ्या हातातल्या रेझरमध्ये हलणारे भाग मोजके आहेत, बिघडण्यासारखं थोडं आहे, आणि त्याची किंमत म्हणून टोपी खुणेला खूण लावून बसवण्याची दक्षता आपल्यावर पडते. तिसरा रस्ता रॉकवेल कंपनीच्या ६एस सारख्या रेझरांचा: डायल नाहीच, पात्याखाली बसवायच्या तीन प्लेटा, प्रत्येकीच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या फटींच्या, मिळून सहा पायऱ्या. पक्केपणात तो रस्ता सरस. पण प्लेट बदलायची तर रेझर उघडायला हवा, ओल्या साबणी हातांनी पातं सुटं करायला हवं. दाढी चालू असताना ते कोण करणार?

आणि दाढी चालू असताना आकडा बदलणं, हाच माझ्या मते या डायलचा खरा उपयोग असणार. उद्यापासून तेच.

१६ जानेवारी

दोन दिवसांची वाढ राखून ठेवली होती. ५ वर सुरुवात, फक्त गाल आणि हनुवटी, सरळ हात.

५ वर पात्याचं अस्तित्व पुरतं जाणवतं. हात हलका लागतो, अगदी हलका: रेझर स्वतःच्या वजनानं उतरू द्यायचा आणि आपण फक्त दिशा द्यायची. काचेवरच्या प्रयोगातून जे कळलं होतं ते इथे हाताला कळलं. आधी मूठ नेहमीसारखी गालाच्या जवळ ठेवली तर पातं खरवडतंय असं वाटलं. मूठ थोडी दूर केली, टोपीची कड गालावर टेकवली, आणि मग हळूहळू मूठ खाली आणत गेलो. एका ठिकाणी खरखर सुरू होते, तोच कोन. तो धरून हात आखूड ठेवले, बोटाच्या दोन पेरांएवढे. फेस आणि केस एकदम निघतात, फटीत काही अडकत नाही, एक गाल होईपर्यंत धुवायची गरज पडत नाही.

मग डायल ३ वर आणून मान. मग २ वर आणून सगळीकडे दुसरी फेरी, आडवा हात.

डायल ओल्या हातानं फिरवणं सोपं गेलं नाही. मुठीवरचं नर्लिंग खोल आहे, डायलवरचं मात्र उथळ, साबण लागला की बोट घसरतं. टॉवेलच्या कोपऱ्यानं धरून फिरवली. दुसरं, खटके नाहीत. प्रत्येक आकड्यावर टक् करून थांबत नाही, खुणेशी आकडा डोळ्यांनीच जुळवायचा. यातून फायदाही निघतो, अडीच-साडेतीन असे मधले मुक्काम करता येतात. पण ५ च्या पुढे अडवणूक नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवलीच पाहिजे: डायल तशीच सैल करत गेलं तर टोपी सुटण्याकडे जाते. आकडा बदलताना रेझर चेहऱ्यापासून लांब धरायचा आणि डायलकडे पाहतच फिरवायची.

तुरटी: हनुवटीवर काही नाही. मानेवर काही नाही. भोवऱ्याच्या मागे, जिथे केस आडवे आहेत, तिथे थोडी.

१९ जानेवारी

कालची वाढ, म्हणजे एकाच दिवसाची. ५ ची काही गरज नव्हती. ३ वर पहिली फेरी, २ वर दुसरी. भोवऱ्यामागे डाव्या हातानं कातडी कानाकडे ताणून धरली आणि २ वर एकच आखूड हात मारला. तुरटी तिथेही गप्प.

२३ जानेवारी

ब्लेड जुनं झालंय. ३ वर जी खरखर स्वच्छ यायची ती आता दबकी येते आणि हनुवटीवर केस ओढल्यासारखा वाटतो. अशा वेळी एक आकडा वर जावंसं वाटतं, तेही करून पाहिलं. चालत नाही. धार गेलेलं पातं जास्त पुढे काढलं तर केस कापण्याऐवजी आणखी ओढला जातो आणि कातडी भरडली जाते. डायल धारेची भरपाई करत नाही. ब्लेड बदललं.

पोलादाचं ब्लेड केसासारख्या मऊ वस्तूनं बोथट का होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सायन्स या नियतकालिकात दिलं. ब्लेड केसाच्या सुमारे ५० पट कठीण. तरीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना पाहिलं तर धारेचे बारीक कपचे उडताना दिसले. केस पात्यासमोर वाकतो, धारेवर तिरका रेटा येतो, आणि पोलादाची अंतर्रचना जिथे एकसारखी नसते तिथून कपचा निघतो. म्हणजे धार एकसारखी झिजत जात नाही, ठिकठिकाणी तुटते. दहा पटीच्या भिंगातून माझं जुनं ब्लेड पाहिलं. एवढ्या भिंगात ते कपचे दिसत नाहीत, पण उजेड तिरका पाडला तर धारेच्या रेघेत कुठे कुठे चमक तुटलेली दिसते. नव्या ब्लेडची रेघ सलग.

जुनं ब्लेड झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात. कचऱ्यात सुटं टाकायचं नाही, ते उचलणाऱ्याच्या बोटांना लागतं.

२७ जानेवारी

नव्या ब्लेडनं पहिल्या दिवशी ३ जरा तिखट लागला. अडीचवर आलो, उत्तम. बहुधा नवं ब्लेड पहिल्या दाढीला अर्धा आकडा खाली वापरणं बरं. हे आणखी एकदोन ब्लेडांवर तपासायला हवं, पण मला त्यात तथ्य वाटतंय.

सफाई. टोपी काढून कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश. टोपीच्या पोटात, खुंट्यांच्या मुळाशी, साबणाचा पांढरा थर साचायला लागला होता. तो साचला की ब्लेड एका बाजूनं केसभर उचललं जातं आणि फट पुन्हा दोन्हीकडे वेगळी होते, म्हणून ही सफाई नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. मुठीच्या आत स्प्रिंगपाशी पाणी राहतं. धुतल्यावर डायल खाली करून उभा ठेवला तर ते तिथेच बसून राहतं. आता आडवा वाळवतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी थोडा हात दिला, डायल लोण्यासारखी फिरते.

डोकं झमाकचं आहे, म्हणजे जस्त आणि थोडं ॲल्युमिनिअम असा मिश्रधातू, वर क्रोमचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर काळजी नाही. एकदा का तो आपटून किंवा घासून निघाला की खालचं जस्त पाण्यानं खड्डे पडत खराब होतं, आणि त्याला दुरुस्ती नाही. त्यामुळे खरखरीत घासणी, ॲसिड आणि फरशीवर पडणं, तिन्हींपासून जपायचं. पितळी किंवा स्टेनलेसचा असता तर एवढं जपावं लागलं नसतं.

३१ जानेवारी

पुन्हा फिलर गेज. सगळ्या आकड्यांवर मापं पहिल्यासारखीच, ३ वर एका बाजूला घासणारं पान आता अलगद जातं, एवढाच फरक. आटे बसल्यामुळे असेल. तीन महिन्यांनी परत मोजायचं.

तूर्त ठरलेली वाटचाल: रोजच्या दाढीला पहिली फेरी ३, दुसरी २, मान २ आणि दिशेप्रमाणे, भोवऱ्यामागे कातडी ताणून एकच हात. दोन किंवा अधिक दिवसांच्या वाढीला गाल-हनुवटी ५, बाकी तसंच. १ सध्या फक्त वरच्या ओठासाठी, नाकाखाली, जिथे धार पुढे आलेली नको असते. ४ ला अजून काम सापडलेलं नाही.

राहिलेली कामं: डायलवर रबरी कडं चढवून पाहणं, म्हणजे ओल्या हाताला पकड येईल, आकडे झाकले जाणार नाहीत एवढं अरुंद हवं. दुसऱ्या जातीचं, जास्त धारदार ब्लेड याच आकड्यांवर. आणि मानेवर उलटा हात. तो मी मुद्दाम अजून मारलेला नाही. आधी कातडीला सलग दोन आठवडे शांत ठेवायचं, मग २ वर, फक्त उजव्या बाजूला, डावी ताडून पाहायला तशीच ठेवून.